भार

तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे
खेळण्यातल्या विटा किलोच्या भावाने होत्या.
काहींवर कुणाच्या तरी पोराचे दात.
दोन किलोचे तीनशे. आणि एका खोक्यात
पत्र्याची कड असलेले रूळ, एकोणीस,
त्यातले तीन वाकलेले.

युगा म्हणाली, "आणि इंजिन?"
इंजिन नव्हतं.

मी रबाळ्याला मोटारी भरतो, बावीस वर्षं.
जळालेलं तांबं बाहेर, नवं आत.
पंपाच्या, लिफ्टच्या, बर्फाच्या कारखान्याच्या.
अंगठ्याएवढी मोटार पहिल्यांदाच भरली,
केसासारखी तार, चष्म्यावर चष्मा.
बाबा फेरे मोजत असताना कुणी बोलायचं नाही
असा कागद तिने दाराला लावला
आणि आत येऊन विचारलं, किती झाले?

नऊ व्होल्ट.
शॉपमध्ये एवढ्याला आम्ही वीज म्हणत नाही.
तरी चाकं फिरली. फिरली जागच्या जागी,
इंजिन तसूभर पुढे नाही.
"हलकं आहे ते," खाटेवरून काथोर काका.
पाग विरून गेला, त्याचे शिशाचे मणी
त्यांनी डब्यात जपून ठेवले होते.
अकरा मणी इंजिनच्या पोटात गेले.
मग निघालं.

तीन पगारांत रूळ वाढले.
बाहेरच्या खोलीतून, मिक्सरच्या टेबलाला वळसा,
काकांच्या खाटेखालून परत.
खाटेखाली गाडी दमायची.
लांबच्या टोकाला पोचेपर्यंत
वीज वाटेतच मुरते.
तिथे दुसरी वायर नेऊन जोडली.
एवढं मला येतं.

शाळेत विचारलं होतं, तुमच्या गावात पूर्वी काय पिकायचं?
युगाने तळवलीत चार घरं पालथी घातली.
भात, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, मासे.
काका म्हणाले, "मीठ,"
आणि बारा कोंड्या बोटांनी चादरीवर आखून दाखवल्या,
कुठल्या बांधावरून भरती आत घ्यायची तेही.
चादर झटकल्यावर गेल्या.

तिने पांढऱ्या विटांचे सहा उघडे डबे केले
आणि खरं मीठ भरलं, जाडं.

रात्री हवा दमट होती.
सकाळी डब्यांखाली पाणी, रुळांवर हिरवट मळ,
अडॅप्टर हात लावू देईना.
ओलं मीठ दोन रुळांमध्ये
कुणाला न विचारता नातं जोडून बसलं होतं.
मी जुना टूथब्रश आणि थिनर घेऊन पालथा पडलो,
वरून काका हसत होते, खोकेपर्यंत.
"रास कधी उघडी ठेवतात? गवतानं शाकारायची!"
बावीस वर्षांच्या कारागिराला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मिठाच्या जागी साबुदाणा आला.
लांबून तसाच दिसतो.
काका दर फेरीला गाडी अडवत,
एक दाणा जिभेवर ठेवत,
"मीठ नाय,"
आणि सोडून देत.
युगाने तिथे पाटी लावली: तपासणी नाका.

एकदा दोन वायरी अदलाबदल करून
मी गाडी मागे आणली.
"एवढ्यानं उलटी जाते?"
एवढ्यानं.
ते बराच वेळ वायरींकडे बघत राहिले,
मग म्हणाले, लाईट बंद कर, झोप येते.

एकादशीच्या आदल्या रात्री
हेमलताने सहाही डबे भिजत घातले. बोलली काही नाही.
सकाळी रिकामी गाडी
मिक्सरच्या वळणावर आडवी झाली,
शिशाचं इंजिन तेवढं उभं.
खिचडीची ताटली बाजूला ठेवून काका उठले,
भिंत धरत वळणापर्यंत आले,
एकेक डबा रुळावर ठेवला,
आणि बोटांना काही लागलंय का
ते चाखून पाहिलं.